म्हशीनं संप केला तर...

गेले तीन महिने आमच्या घरात रोज रात्री साडेनऊला गाई टायपिंग करतात. गाईंचा आवाज मी काढतो, चिडलेल्या शेतकऱ्याचा मीच काढतो, कोंबड्यांचा बायको काढते (तिचा जास्त चांगला जमतो, पण हे तिच्यासमोर बोलायचं नाही). श्रोतृवर्ग एकच. वय वर्षे साडेचार. एक शब्द गाळला की पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. आमच्या क्लायंटची टेस्टिंग टीम एवढी कडक असती तर माझे अर्धे वीकेंड वाचले असते.

पुस्तकाचं नाव 'क्लिक, क्लॅक, मू'. लिहिलंय डोरीन क्रोनिन यांनी, चित्रं बेट्सी लुईन यांची. २००० साली अमेरिकेत आलं आणि २००१ मध्ये त्याला कॅल्डेकॉट ऑनर मिळाला. तिकडे चित्रपुस्तकातल्या चित्रांना मिळणारा हा मोठा मान. गोष्ट थोडक्यात अशी. ब्राऊन नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात एक जुना टाइपरायटर पडलेला असतो, तो गाईंच्या हाती (म्हणजे खुरी) लागतो. त्या टाइप करून चिठ्ठी लावतात, की रात्री थंडी वाजते, आम्हाला विजेवर चालणारी पांघरुणं पाहिजेत. शेतकरी म्हणतो, जमणार नाही. गाई म्हणतात, मग दूध पण जमणार नाही. कोंबड्याही संपात उतरतात. अंडी बंद. शेवटी बदकाला मध्यस्थ नेमून वाटाघाटी होतात, टाइपरायटरच्या बदल्यात पांघरुणं असा तह ठरतो. आणि मग शेवटच्या पानांवर बदकं काय करतात ते मी सांगत नाही. ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांनी स्वतः वाचा, ज्यांच्या नाहीत त्यांनी दुकानात उभ्या उभ्या वाचा. पाच मिनिटं लागतात.

क्रोनिनबाई पेशानं वकील होत्या हे नंतर कळलं आणि सगळा उलगडा झाला. मागणी, नकार, संप, सहानुभूतीचा संप, निर्वाणीचा इशारा, तटस्थ पक्ष, तडजोड... लेबर लॉचं सगळं पुस्तक चार वर्षांच्या पोरांना कळेल अशा भाषेत. आणि कुठेही 'बालमित्रांनो, एकीचे बळ मोठे' वगैरे नाही. त्याबद्दल बाईंना शंभर मार्क.

आता अडचण अशी, की कन्येला गोष्ट मराठीतच लागते. दिवसभर प्लेग्रुपात इंग्रजी कविता म्हणते, पण झोपताना मराठी. त्यामुळे डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडानं मराठी बोलायचं, तेही मध्ये न अडखळता. पहिले चार दिवस जड गेलं. मग एक गंमत ध्यानात आली. चित्रपुस्तकात सगळा खेळ पान उलटण्याचा असतो. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची. त्यात वाक्य अर्धं सोडायचं, पान उलटायचं, आणि पलीकडे धक्का द्यायचा. आणि या खेळाला मराठी इंग्रजीपेक्षा जास्त सोयीची आहे! कारण आपलं 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं. 'आज शेतकऱ्याला दूध मिळणार...' असं म्हणून मी पानाचा कोपरा धरून ठेवतो. कन्या श्वास रोखून बसते. आज मिळेलही, काय सांगावं? पान उलटतं. 'नाही!' की लगेच अंथरुणात लोळण. तीन महिने रोज तेच 'नाही', आणि रोज तेवढंच हसू. इंग्रजीत नकार वाक्यात आधीच येऊन बसतो, पानापलीकडे न्यायला काही उरत नाही.

दुसरी गंमत आवाजांची. पुस्तकातली गाय 'मू' करते. आमच्या घरात तिनं 'हम्मा' करायला पाहिजे यावर एकमत झालं. पण मग मी शाळेतलं व्याकरण काढून बसलो. गाय हंबरते, म्हैस रेकते, कोंबडा आरवतो, घोडा खिंकाळतो, बेडूक डरावतो. प्रत्येकाला स्वतःचं क्रियापद. पाचवीत घोकंपट्टी करून पाठ केलं होतं, दोन मार्कांसाठी. मोठ्यानं वाचायला लागल्यावर कळलं की या शब्दांत आवाज आधीच भरून ठेवलाय. 'रेकते' म्हणताना तोंड आपोआप म्हशीसारखं लांब होतं. आरशात बघून खात्री करा. ह. घ्या.

टाइपरायटर म्हणजे काय हे समजावणं हा एक वेगळाच अध्याय. कन्येनं आयुष्यात टाइपरायटर बघितलेला नाही, आणि बघणार कुठून? गोदरेजनं टाइपरायटर बनवणं थांबवलं त्यालाही आता दीड दशक उलटलं. मी सांगितलं, 'हा लॅपटॉप आणि प्रिंटर एकत्र.' तिनं विचारलं, 'चार्जिंगला कुठे लावतात?' लावत नाहीत म्हटल्यावर तिला तो लॅपटॉपपेक्षा भारी वाटला. आमच्या आबांनी त्यात भर घातली, की त्या गाईंनी मराठी तीस, इंग्रजी चाळीसची परीक्षा दिली असणार, नाहीतर एवढं सुबक पत्र येत नाही.

आबा म्हणजे माझे वडील. आणि या पोस्टचं खरं कारणही तेच.

आम्ही पुण्यात राहतो, पण महिन्यातून एक वीकेंड कोल्हापूर. आमचं घर कसबा बावड्यात. नावाला शहरात, पण गळीत हंगामात राजाराम कारखान्याच्या मळीचा वास नाकात, आणि गल्लीत अजून चार घरांमागे गोठे आहेत. आमच्या गोठ्यात दोन म्हशी. एक मुऱ्हा, तिचं नाव गंगी, शिंगं गोल वळलेली, स्वभावानं गरीब. दुसरी पंढरपुरी, चंद्री. पंढरपुरी म्हैस ज्यांनी पाहिली नाही त्यांनी पाहावी. शिंगं तलवारीसारखी मागे खांद्याच्या पलीकडे गेलेली, अंगानं मुऱ्ह्यापेक्षा हलकी, आणि चेहऱ्यावर कायम 'तुमचं चालू द्या' असा भाव. माझ्या आयुष्यातला एक मॅनेजर सोडला तर हा भाव मी इतरत्र कुठेही पाहिलेला नाही.

तर जूनमधल्या एका शनिवारी रात्री आबा दारातल्या खुर्चीत बसून आमचं वाचन ऐकत होते. गाईंनी दूध बंद केलं तिथे त्यांनी घसा खाकरला.

'हे कुणी लिहिलंय?'

'अमेरिकेतल्या बाई आहेत.'

'त्यांनी धार काढलेली दिसत न्हाई कधी.'

मी म्हटलं, आबा, गोष्ट आहे. ते म्हणाले, 'गोष्ट आहे म्हणूनच सांगायलोय. दूध काढायचं थांबवलं तर आधी तरास कुणाला? मालकाला न्हवं, जनावराला. कास दगडागत होत्या. रातभर रेकतंय ते. कसला संप करतंय?'

आणि मग त्यांनी २०१८ चं सांगितलं. ते मलाही धड आठवत नव्हतं, मी तेव्हा हिंजवडीत रिलीजच्या धावपळीत होतो. १६ जुलै २०१८ पासून राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेनं दूध बंद आंदोलन केलं. मागणी लिटरला पाच रुपये अनुदान थेट उत्पादकाला. गाईच्या दुधाचा भाव तेव्हा पार पडलेला. चौथ्या दिवशी सरकारनं लिटरला २५ रुपये दर जाहीर केल्यावर ते मागे घेतलं. टीव्हीवर आपण काय बघितलं? रस्त्यावर ओतलेलं दूध. आबांनी काय बघितलं? ते म्हणाले, 'आंदोलन असूं दे न्हाईतर काय असूं दे, पहाटे चारला धार काढायला लागत्याच. काढायची आणि मग बघत बसायचं त्या कॅनकडं. गल्लीत वाटलं, शेजारच्यास्नी दिलं, तुझ्या आईनं खवा केला, बासुंदी केली. चार दिवस सगळी गल्ली बासुंदी खायाली हुती आणि एकाच्या तोंडावर हसू न्हाई.'

हे वाक्य मला फार दिवस पुरलं.

कन्येनं मध्येच विचारलं, 'मग म्हशी संप करतच नाहीत?' तिची फार निराशा झालेली. आबा एकदम सावरून बसले. म्हणाले, 'करत्यात की! कोण म्हणतंय करत न्हाईत? पर चिठ्ठी लिहीत न्हाईत. पान्हा चोरत्यात.'

पान्हा. हा शब्द मी कविताबिवितांत वाचला असेल, आईच्या मायेबद्दल वगैरे. आबांच्या तोंडी तो पूर्ण तांत्रिक शब्द आहे. रेडकू कासेला लागलं, किंवा धार काढणाऱ्याचा ओळखीचा हात सडांना लागला, की म्हैस पान्हा सोडते, म्हणजे वरचं दूध खाली उतरतं. पुढे पुण्यात येऊन मी वाचलं तेव्हा कळलं की आबांचं विज्ञान पक्कं आहे. म्हशीच्या कासेत खालच्या पोकळीत आयतं साठलेलं दूध गाईच्या मानानं फार थोडं असतं. जवळजवळ सगळं वर बारीक बारीक पिशव्यांमध्ये. स्पर्श, हाक, पेंडीचा वास यांनी मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं, त्यानं त्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध उतरतं. जनावर घाबरलेलं असेल, माणूस परका असेल, रेडकू दिसत नसेल, तर हे होतच नाही. तुम्ही कितीही सड ओढा. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे, डेटा पण आहे, पण तुमचं लॉगिन चालत नाही. आणि म्हशीचं ऑथेंटिकेशन टू फॅक्टर असतं, हात आणि आवाज.

'गंगीनं कधी चोरला न्हाई,' आबा म्हणाले. 'चंद्री बाराची हाय.'

मजा म्हणजे चंद्रीचेच भाऊबंद कोल्हापुरात गर्दीत उभं राहून दूध देण्यासाठी प्रसिद्ध. गंगावेशीतला दूध कट्टा ऐकला असेल तुम्ही. म्हैस रस्त्याकडेला उभी, गिऱ्हाईक पेला घेऊन उभं, आणि धार थेट पेल्यात, वर फेसाचा डोंगर. तिथे पंढरपुरीच म्हशी जास्त करून. आजूबाजूला रिक्षा, हॉर्न, तालमीतली पोरं, आणि ती आपली निवांत पान्हा सोडते, कारण मालकाचा हात ओळखीचा. दिवाळी पाडव्याला तर याहून वर. शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं लावलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलीमागे सुसाट पळतात. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा तो कानठळ्या बसवणारा आवाज, आणि त्यातही म्हशीला आपल्या मालकाची हाक कळते. नाद खुळा म्हणतात तो हा. परगावच्या मित्रांना सांगितलं तर त्यांना थाप वाटते.

आता मला सांगा, हे सगळं चित्रपुस्तक नाही तर काय आहे? शिंगं तलवारीसारखी, गळ्यात घुंगरं, पुढे बुलेट, मागे म्हैस. यातली एकही गोष्ट कल्पनेनं रचावी लागत नाही. पान उलटलं की हसू. पण हे पुस्तक कन्येच्या कपाटात नाही.

मराठीत चित्रपुस्तकं नाहीत असं मी म्हणत नाही. माधुरी पुरंदरे आहेत, 'राधाचं घर' आहे, 'यश'ची पुस्तकं आहेत. लिहिणारा आणि चित्र काढणारा हात एकच असला की काय होतं ते त्यांच्यात दिसतं. २०१६ साली बिग लिटल बुक पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला तेव्हा तो त्यांना मिळाला आणि ते योग्यच झालं. पण गोठा आला की आपल्याकडे निबंध सुरू होतो. गाय उपयुक्त प्राणी आहे. दूध देते, शेण देते, खत मिळते. म्हशीच्या वाट्याला तर निबंधही येत नाही, तिचा रंगच आडवा येतो. कोल्हापूरच्या आसपासच्या गोठ्यावरचं सगळ्यात मोठं पुस्तक म्हणजे आनंद यादवांचं 'गोतावळा', १९७१ चं. मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा, त्याची जनावरं, आणि मग ट्रॅक्टर येतो. ज्यांनी वाचलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ते वाचून मी कॉलेजात दोन दिवस जेवलो नव्हतो. विनोद म्हणाल तर पट्टणकोडोलीचे शंकर पाटील होते, मिरासदार आणि माडगूळकरांबरोबर गावोगाव कथाकथन करून हजारोंना हसवलं त्यांनी. पुलंची 'म्हैस' तर अर्ध्या महाराष्ट्राला तोंडपाठ. म्हणजे मोठ्यानं वाचणं, आवाज काढणं, गावाकडचं हसू, सगळं आपल्याकडे होतं, तेही दर्जेदार. फक्त ते मोठ्यांसाठी. साडेचार वर्षांच्या माणसाला 'उपयुक्त प्राणी' वर भागवावं लागतं.

मग मी ठरवलं, इथल्या इथेच लोकलायझेशन करून टाकू. वाचताना गाईच्या जागी म्हैस, ब्राऊनच्या जागी आबा, विजेच्या पांघरुणाच्या जागी पंखा (बावड्यात मे महिन्यात विजेचं पांघरूण मागणारी म्हैस सापडली तर तिला डॉक्टरकडे न्यावं लागेल). बदकाच्या जागी बगळा. बगळा म्हणजे जातिवंत तटस्थ पक्ष, दिवसभर म्हशीच्या पाठीवर बसतो आणि कोणाच्याच बाजूचा नसतो. झकास जमलं होतं. दुसऱ्याच पानावर कन्येनं बोट ठेवलं. 'ही म्हैस नाहीये. ही गाय आहे. आणि आबांना टोपी असते.' खलास. वाचणारा आवाज कोल्हापूरला नेता येतो हो, पण चित्र हलत नाही. शब्द बदलले, फाइल बदलली, पण चित्रं हार्डकोडेड. लुईनबाईंनी जाड काळ्या रेषेत काढलेल्या त्या गुबगुबीत गाई अमेरिकेतच उभ्या राहिल्या. आणि साडेचार वर्षांचं मूल आपल्यापेक्षा चित्र जास्त वाचतं. आपण अक्षरांकडे बघत असतो तेव्हा त्यांनी अख्खं पान चाळून झालेलं असतं.

असो. पुढे जुलैमध्ये आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही. आता नाहीच. उकिडवं न बसता धार कशी काढणार? गल्लीतलाच एक पोरगा दोन वेळा यायला तयार झाला. हुशार, हात हलका, दोन डेऱ्यांवर काम केलेला. गंगीनं त्याला पहिल्याच दिवशी सोडलं. चंद्रीनं नाही. सकाळी पाच लिटर देणारी म्हैस दीड लिटरवर आली. सोसायटीची स्लिप रोज आबांच्या हातात यायची, लिटर, फॅट, एसएनएफ, रुपये. आबा ती आमच्याकडे स्टँडअप मीटिंगमध्ये बर्नडाउन चार्ट बघतात तशी बघायचे. सरकी पेंड बदलून झाली. रेडकू समोर बांधून झालं. उसाचं हिरवं वाडं आणून झालं. चंद्री खाऊन घ्यायची, आणि पान्हा चोरायची. आईनं फोनवर सांगितलं, 'तिला माणूस पाहिजे हो. चारा नको.'

ऑगस्टमध्ये रक्षाबंधनाला आम्ही गेलो तेव्हा गोठ्यात एक प्लास्टिकची खुर्ची दिसली. चंद्रीच्या तोंडाशी. आबा तिथे बसून तिच्याशी बोलायचे आणि मागे तो पोरगा धार काढायचा. बोलायचे म्हणजे काय, गावातल्या बातम्या सांगायचे. कुणाच्या पोराचं लग्न मोडलं, कारखान्याचा दर काय निघंल. चंद्री कान हलवत ऐकायची. दीडाचे अडीच झाले होते.

शनिवारी संध्याकाळी कन्या पुस्तक घेऊन गोठ्यात गेली. तिला वाचता येत नाही, पण तीन महिन्यांत सगळं पाठ झालंय, पानासकट. आबांच्या मांडीजवळ उभी राहून तिनं चंद्रीला पुस्तक दाखवत, पानं उलटत, संपूर्ण गोष्ट वाचून दाखवली. तीच लय, माझेच आवाज (मी एवढा नाटकी आहे हे मला पहिल्यांदा कळलं). 'आज शेतकऱ्याला दूध मिळणार...' म्हणून थांबली, चंद्रीकडे बघितलं, पान उलटलं, 'नाही!' म्हणून ओरडली. मागे बसलेला पोरगा म्हणाला, 'अगं बाई, तिला असलं काय शिकवू नको.' आबा खुर्चीतून पडायचे राहिले. मी त्यांना इतकं हसताना ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बघितलं, आधीही फारसं नाही.

त्या संध्याकाळी तीन लिटर भरलं. आबांच्या मते पेंडीमुळं. असेल.

पण रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. व्यापारी येऊन गेलाय. दोन्हींची किंमत चांगली सांगतोय. 'गुडघा असाच राहणार. पोरगं आज हाय, उद्या एमआयडीसीत लागलं की जाईल. तू काय येणार हायेस का धार काढायला?' हे त्यांनी टोमणा म्हणून नाही विचारलं, सरळ विचारलं. मी पण सरळच म्हणालो, नाही. आईनं भाकरी वाढली. मग कुणी काही बोललं नाही.

हे तुमच्याही घरी झालं असेल. म्हशीऐवजी आमराई असेल, वाडा असेल, दुकान असेल. आपण शहरात ईएमआय भरत बसलेलो, तिकडे कुणीतरी एकट्यानं काहीतरी ओढत असतं, आणि हिशेबाच्या कुठल्याही कॉलममध्ये ते बसत नाही. आबांनी मला हिशेब दाखवला. वैरण, पेंड, डॉक्टर, पोऱ्याचा पगार वजा जाता महिन्याला जे उरतं त्यात माझं ओटीटीचं बिल निघेल. विकणं बरोबर आहे. मी एक्सेलमध्ये घातलं तरी तेच उत्तर आलं.

कन्या हे सगळं ऐकत होती. लहान पोरं झोपल्याचं सोंग फार छान करतात. सकाळी ती लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, 'बाबा, म्हशींना पत्र टाइप करायचंय.' मी म्हटलं, म्हशींना लिहायचंय का? 'नाही. म्हशींनी लिहायचंय. तू फक्त टाइप कर.' मग तिनं मजकूर सांगितला आणि मी लेखनिक झालो. युनिकोडमध्ये. एक अक्षर बदललेलं नाही:

'प्रिय आबा, गोठ्यात गरम होतं. पंखा पाहिजे. रेडकूला आमच्याजवळ बांधा. आबांनी खुर्चीवर रोज बसायचं. आम्हाला गाडीत बसवून न्यायचं नाही. शनिवारी मॅगी पाहिजे. नाहीतर पान्हा नाही. तुमच्या, चंद्री आणि गंगी.'

मॅगीची मागणी कोणत्या पक्षाची आहे हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.

'पान्हा नाही' हे मात्र मी सुचवलेलं नव्हतं. जूनमध्ये एकदाच ऐकलेला शब्द तिनं बरोबर जागेवर ठेवला. प्लेग्रुपात तिला हा शब्द कुणी शिकवणार नाही, चार्टवर त्याचं चित्र नसतं. गव्हाण, दावं, वैरण, वाडं, रेडकू, खरवस, वेत... हे शब्द गोठ्यात उभं राहूनच कळतात. गोठा रिकामा झाला की मी तिला हे शब्द सांगेनही, पण मग ते मला 'घोडा खिंकाळतो' सारखे दोन मार्कांसाठी सांगावे लागतील.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच रुपयांत प्रिंट काढली. पुस्तकातल्यासारखी दाराला लावायची होती, पण गोठ्याला दार नाही, म्हणून गव्हाणीच्या खांबाला सुतळीनं बांधली. आबा काठी टेकत आले, चष्मा लावला, पत्र दोनदा वाचलं. कन्या खांबामागे लपलेली, पाय दिसत होते.

'टायपिंग बरं हाय,' आबा म्हणाले. 'मराठी तीस झालंय म्हशींचं.' मग पत्राची घडी करून बंडीच्या खिशात घातली आणि चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून तिला म्हणाले, 'इचार करून सांगतो.'

पंखा मागच्या आठवड्यात बसवला. जुनाच आहे, माजघरातला, खडखड वाजतो. चंद्री परवा पावणेचार लिटरवर होती. आबांना अजून उकिडवं बसता येत नाही, येणारही नाही. व्यापाऱ्याला त्यांनी पाडवा झाल्यावर ये म्हणून सांगितलंय. पाडव्याला शिंगं रंगवायला आम्ही जाणार आहोत. कन्येनं चंद्रीसाठी गुलाबी रंग ठरवलाय आणि त्यावर वाटाघाटी चालू आहेत.